लाकूडतोड्याच्या अंगावरचं ऊन

'लाकूडतोड्या' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? नदीत पडलेली कुऱ्हाड, पाण्यातून वर आलेली देवता, सोन्याची कुऱ्हाड, चांदीची कुऱ्हाड आणि शेवटी प्रामाणिकपणाचं बक्षीस. शाळेत आपण सगळ्यांनी ती गोष्ट वाचली, पेपरात तात्पर्य लिहिलं आणि मार्कही मिळवले. पण गंमत बघा, त्या अख्ख्या गोष्टीत लाकूडतोड्या लाकूड तोडताना फारसा दिसतच नाही! कुऱ्हाड सुरुवातीलाच पाण्यात जाते. त्याची पाठ किती वाकली होती, झाड कोणतं होतं, ऊन कुठून येत होतं, हे कुणी विचारत नाही. तात्पर्याला त्याची गरज नसते.

हे प्रश्न विचारले चित्रकारांनी. कामीय पिसारो या फ्रेंच चित्रकाराने १८७९ साली एक चित्र काढलं. नाव अगदी साधं : 'लाकूड कापणारा मेलाँबाबा'. झाडीच्या पार्श्वभूमीवर एक माणूस करवतीने ओंडका कापतोय, बस्स. देवता नाही, सोनं नाही, तात्पर्यही नाही. तरीही हे चित्र आपल्यासारख्या, राहाता तालुक्यात राहून इंजिनिअरिंग करणाऱ्या मंडळींना बरंच काही सांगू शकतं, असं मला वाटतं. सबमिशनच्या गडबडीत असाल तर लेख बाजूला ठेवा. पण नंतर वाचा नक्की!

'धूसर' म्हणजे इम्प्रेशनिझम नव्हे

पिसारो ज्या गटातला, त्या गटाला जग 'इम्प्रेशनिस्ट' म्हणतं. मराठीत या शैलीला 'दृक्प्रत्ययवाद' असं जिभेला व्यायाम देणारं नाव आहे. हे नाव पडलं तेही थट्टेतून. एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसमध्ये नादार या प्रसिद्ध फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. सरकारी प्रदर्शनाचे परीक्षक यांची चित्रं वारंवार नाकारत, म्हणून ही स्वतंत्र चूल. त्यात क्लोद मोने याचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' नावाचं चित्र होतं. लुई लरॉय नावाच्या समीक्षकाने त्या शब्दावरून सगळ्यांचीच टर उडवली. कॉलेजात कुणी चिडवायला ठेवलेलं नाव पुढे चार वर्षं चिकटतं ना, तसंच झालं. या गटाची १८८६ पर्यंत आठ प्रदर्शनं झाली. मोने, रन्वार, सेझान कधी होते, कधी नव्हते. आठही प्रदर्शनांत चित्रं लावणारा एकच माणूस : पिसारो.

यांची चित्रं जवळून पाहिली तर नुसते रंगाचे ठिपके नि फटकारे दिसतात. म्हणून अनेकांचा समज होतो की मोबाइलवर फोटो 'ब्लर' केला की झालं इम्प्रेशनिझम. तसं नाही. या लोकांचं म्हणणं असं होतं की वस्तूला कायमचा असा एक रंग नसतोच. पांढरा सदरा पांढरा असतो तो कपाटात. दुपारी झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरचा पांढरा सदरा पाहा. जिथे कवडसा पडलाय तिथे तो पिवळट आहे, पानांजवळ हिरवट आहे आणि सावलीत चक्क निळसर आहे. सावलीत निळा कुठून आला? फिजिक्सवाल्यांनी सांगावं! सावलीत थेट सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पण आकाशाचा निळा उजेड पोहोचतो. इम्प्रेशनिस्टांनी सावली काळी रंगवणं सोडून दिलं ते यामुळे. डोक्यात ठरलेला रंग बाजूला ठेवायचा आणि डोळ्यांत शिरलेला रंग कॅनव्हासवर ठेवायचा, हा त्यांचा नियम.

आपल्या ब्रँचचा हात

आता या कलेत इंजिनिअर नि केमिस्ट लोकांचा वाटा किती, ते ऐका.

पहिली गोष्ट ट्यूबची. पूर्वी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. टाचणीने भोक पाडायचं, रंग काढायचा. एकदा भोक पाडलं की उरलेला रंग वाळायला लागणार. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या, दाबून रंग काढायच्या, झाकणाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. आपली टूथपेस्ट ज्या पद्धतीने निघते तीच ही युक्ती. रंग खिशात घालून रानात जाणं शक्य झालं.

दुसरी गोष्ट रंगांची. खरा निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या दगडापासून केलेला, प्रचंड महाग. १८२० च्या दशकाच्या अखेरीस तोच निळा कारखान्यात बनू लागला. १८५९ मध्ये पारदर्शक, टिकाऊ असा नवा हिरवा रंग बाजारात आला. निळा नि हिरवा स्वस्त झाला नसता तर एवढी झाडं नि एवढ्या निळ्या सावल्या रंगवणं कुणाला परवडलं असतं?

तिसरी गोष्ट शेव्रल या केमिस्टची. पॅरिसच्या गोब्लाँ या गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात तो रंगविभागाचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंग उत्तम होता. शेजारी विणलेल्या धाग्यांच्या रंगामुळे तो फिका *दिसत* होता. यातून त्याने रंगांच्या परस्पर परिणामाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. रूमवर करून पाहा. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक लाल कागदावर ठेवा, दुसरा हिरव्यावर. लालवरचा करडा हिरवट वाटेल, हिरव्यावरचा लालसर! इम्प्रेशनिस्टांचे शेजारीशेजारी ठेवलेले फटकारे याच तत्त्वावर चालतात. रंग पॅलेटवर पूर्ण कालवायचा नाही. बरंचसं मिश्रण आपला डोळाच करतो.

चौथी गोष्ट रेल्वेची. १८४९ मध्ये पॅरिसहून फाँतेनब्लोपर्यंत गाडी सुरू झाली आणि शहरातला चित्रकार सकाळी निघून जंगलात पोहोचू लागला. तिथूनच आपला विषय सुरू होतो.

जंगल कुणाचं?

फाँतेनब्लो हे पॅरिसच्या दक्षिणेला साधारण ६० किलोमीटरवर असलेलं जुनं राजेशाही जंगल. ओक नि बीचची झाडं, मोठमोठे खडक आणि काठावर बार्बिझाँ नावाचं खेडं. इथे चित्रकारांची वसाहतच झाली. झां-फ्रांस्वा मिले १८४९ मध्ये तिथे राहायला आला. त्याचं १८५७ चं 'सरवा वेचणाऱ्या बाया' हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर किंवा पुस्तकात पाहिलं असेल. पीक काढून झाल्यावर शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बाया. सरवा वेचणं आपल्याकडे समजावून सांगायला नको. मोनेही १८६३ च्या सुमारास, म्हणजे तेविशीत, या जंगलात आला. त्याने एका लहान फळीवर जंगलाच्या कडेला लाकूडफाटा गोळा करणारी माणसं रंगवली. ते चित्र आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे.

पण चित्रात जे जंगल शांत दिसतं, त्यावरून तेव्हा बराच वाद चालू होता. १८२७ च्या फ्रेंच वनकायद्याने गावकऱ्यांच्या जंगलातल्या जुन्या वहिवाटींवर, म्हणजे सरपण, चराई यांवर, मर्यादा आणल्या होत्या. दुसरीकडे चित्रकारांनी झाडं तोडू नका म्हणून सम्राटाकडे अर्ज केले आणि १८६१ मध्ये फाँतेनब्लोचा सुमारे १,१०० हेक्टर भाग निव्वळ सौंदर्यासाठी राखून ठेवला गेला. निसर्ग कलेसाठी राखण्याचं ते जगातलं फार लवकरचं उदाहरण. चांगलंच झालं. पण प्रश्न उरतो : जंगल पाहायला येणाऱ्याचं की जंगलावर चूल पेटवणाऱ्याचं? सरपण वेचणारी बाई आणि तिचं चित्र काढणारा माणूस एकाच झाडाखाली उभे होते. दोघांना ते झाड सारखं दिसत असेल का?

मेलाँबाबाचं चित्र

आता पिसारोकडे येऊ. हा १८३० मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर जन्मला. बंदरातली, मळ्यांतली काळी कष्टकरी माणसं पाहत मोठा झाला. फ्रान्समध्ये आल्यावर त्याने पॅरिसच्या वायव्येला, ओआझ नदीकाठी पोंत्वाझ या गावात मुक्काम केला. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियन सैनिक त्याच्या आधीच्या घरात घुसले, आणि चिखलात पाय बुडू नयेत म्हणून त्यांनी त्याची चित्रं अंगणात फरशीसारखी अंथरली, असं सांगतात. वीस वर्षांच्या कामातलं फार थोडं वाचलं. १८७९ मध्ये तो पन्नाशीला टेकला होता, घरात पोरंबाळं होती, पैशाची चणचण होती. आणि तो रंगवत काय होता, तर गावातल्या एका म्हाताऱ्याला लाकूड कापताना!

चित्रात मागे हिरव्या पाल्याची दाट भिंत आहे. पुढे घोडीवर ठेवलेला ओंडका आणि त्यावर करवत घेऊन वाकलेला माणूस. झाडांतून झिरपलेला उजेड सगळीकडे तुकड्यातुकड्यांनी पडलाय. पान रंगवायला जो छोटा फटकारा वापरलाय, तोच त्याच्या कपड्यांना, तोच जमिनीला. माणूस झाडीतून कापून काढलेला वाटत नाही. तो त्याच हवेत, त्याच उन्हात आहे.

फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये आपण सगळ्यांनी करवत चालवली आहे. आठवा. पहिल्या पाच मिनिटांत कळतं की करवत हाताने चालत नाही, खांद्याने नि कमरेने चालते. पुढे ढकलताना वजन पुढच्या पायावर, ओढताना मागच्यावर. जोर जास्त दिला की पातं अडकतं, तिरकं गेलं की सर ओरडतात. मेलाँबाबाची वाकलेली पाठ पाहा, म्हणजे कळेल की पिसारोने माणसाचा चेहरा सांगण्यापेक्षा त्याचं काम सांगितलंय. वाटलं तर त्या शरीराचा फ्री बॉडी डायग्राम काढा; भार कुठून कुठे जातोय ते दिसतं.

मिलेची तऱ्हा वेगळी. त्याची माणसं आकाशापुढे पुतळ्यासारखी उभी राहतात. पाहणाऱ्याचा ऊर भरून येतो. पिसारोला मात्र मिलेची चित्रं जरा बायबलच्या वळणाची वाटत. कष्टकऱ्याला संत करायचं नाही, बिच्चारा पण करायचा नाही, असा त्याचा बेत. तो विचारांनी अराजकवादी होता, कुणी कुणाचा मालक नसावा असं मानणारा. पण चित्रात त्याने घोषणा लिहिली नाही. मेलाँबाबा काम करतोय, कामात मुरलेला माणूस करतो तसं, रमतगमत नाही नि रडतही नाही. आणि त्याच म्हाताऱ्याला पिसारोने विसावा घेतानाही रंगवलं आहे. काम आणि विसावा दोन्ही ज्याला आहे तो माणूस, औजार नव्हे.

मग अडचण कुठे आहे?

या शैलीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. सगळ्यालाच सारखं ऊन, सारखे फटकारे दिले तर माणसाचे कष्ट त्या सुंदर उजेडात विरघळून जाणार नाहीत का? पाठ दुखतेय, हाताला घट्टे पडलेत, हे सगळं 'किती छान प्रकाश आहे!' या वाक्याखाली दबून जातं. मोनेच्या त्या लहान चित्रात झाडं मोठी नि माणसं बारकी आहेत. ती काढून टाकली तरी चित्र चालेल. माणूस तिथे रंगाच्या एका ठिपक्यापुरता.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. त्या काळी मोठ्या कॅनव्हासवर, महागड्या रंगात यायचा मान राजे, देव नि सेनापती यांचा. तिथे एका गावातल्या म्हाताऱ्याला झाडाएवढ्याच लक्षाने रंगवणं हीच एक समता होती. मला वाटतं, इम्प्रेशनिस्ट चित्रात कष्ट दिसतात की हरवतात, हे शैलीवर ठरत नाही. चित्रकार किती वेळ त्या माणसाकडे पाहत उभा राहिला, यावर ठरतं. ते ओळखायला तीन सोपे प्रश्न आहेत. व्हायवाला विचारणार नाहीत, पण उपयोगी आहेत.

एक, चित्रातल्या माणसाचं वजन कुठे आहे? पाय जमिनीला टेकलेत, भार जाणवतोय, की तो नुसता चिकटवलाय?

दोन, हत्यार कसं धरलंय? करवत, विळा, कोयता नीट धरलेला असेल तर चित्रकाराने ते काम होताना पाहिलेलं असतं.

तीन, माणूस काढून टाकला तर चित्राचं काय होईल? काहीच बिघडत नसेल, तर तो शोभेला आहे. मेलाँबाबाला काढा, उरतो एक बेवारस ओंडका. ते चित्रच राहत नाही.

आपल्या उन्हात

ही नजर फक्त फ्रान्सची नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, कोल्हापूरला परतले आणि पुढे छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. कोटितीर्थ नि रंकाळ्याच्या काठी बसून तीच जागा, तेच पाणी त्यांनी वेगवेगळ्या प्रहरी रंगवलं. पॅरिसमधले लोक जे करत होते, ते हा माणूस कोल्हापुरात आपल्या उन्हात करत होता. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा दुःखाने त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, अशी आठवण कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. त्यांचं उरलेलं काम पाहायचं असेल तर कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये जा. महालक्ष्मी-पन्हाळा ट्रिपमध्ये एक तास काढणं काही अवघड नाही.

आणि विषय? तो तर आपल्या नदीच्या दोन टोकांना आहे. प्रवरा उगम पावते रतनगडाच्या कुशीत, अकोले तालुक्यात. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातून तिचं पाणी कालव्यांनी खाली येतं, तेव्हा लोणी-प्रवरानगरचा ऊस उभा राहतो. वरच्या टोकाला जंगल : जांभूळ, हिरडा, करवंदीच्या जाळ्या. तिथल्या महादेव कोळी, ठाकर बाया डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन घाटवाटेने उतरतात. खालच्या टोकाला फड : बीडकडून, आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीकडून आलेली जोडपी ऊस तोडतात, बांधतात आणि फळीवरून तोल सांभाळत गाडीत चढवतात. त्या बांधलेल्या उसालाही 'मोळी'च म्हणतात! एका नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणायची रीत आहे. माणसाला हत्याराच्या नावाने मोजतात. पिसारोने वाचलं असतं तर त्याने काय म्हटलं असतं कोण जाणे.

जंगल कुणाचं, हा फाँतेनब्लोचा प्रश्नही इथे आहेच. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी इथल्या लोकांच्या वहिवाटींना सरकारी परवानगीच्या चौकटीत बसवलं. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. गौण वनोपज गोळा करण्याचा पिढीजात हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. आणि आपण? पावसाळ्यात बाइक काढून भंडारदऱ्याला जातो, काजवे बघायला जातो, सांदण दरीत उतरतो. आपण तिथले 'पाहायला येणारे'. त्यात काही चुकीचं नाही. मोनेही तसाच गेला होता.

फक्त पुढच्या ट्रिपमध्ये धुक्यातून मोळी घेऊन येणारी आजी दिसली आणि 'काय फ्रेम आहे!' म्हणून मोबाइल वर गेला, तर ते तीन प्रश्न आठवा. मोळीचं वजन तिच्या मानेवर कुठे आलंय, चुंबळ कशी ठेवली आहे, आणि तिला फ्रेममधून काढलं तर काय उरेल? जमलं तर चौथंही करा. आधी रामराम घाला, फोटो काढू का म्हणून विचारा, आणि नाव विचारा. जगभरच्या संग्रहालयांत 'लाकूडतोड्या', 'शेतकरीण', 'मजूर' अशा पाट्यांची चित्रं शेकड्यांनी आहेत. पिसारोच्या चित्राच्या पाटीवर मात्र त्या म्हाताऱ्याचं नाव आहे, म्हणूनच दीडशे वर्षांनी आपण त्याला मेलाँबाबा म्हणू शकतो.